दवंडीविना लढाई : गोवा, डिसेंबर 1961

19 डिसेंबर 1961. रात्री साडेआठच्या सुमारास गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो वासालो इ सिल्वा यांनी ब्रिगेडियर के. एस. ढिल्लों यांच्यासमोर बिनशर्त शरणागतीच्या कागदावर सही केली. साडेचारशे वर्षांचा अंमल संपला तो मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात, असे सांगतात. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासच्या आसपास सैनिक मेले होते. एक युद्धनौका किनाऱ्याला लागली होती, दाबोळीच्या धावपट्टीवर बाँबचे खड्डे पडले होते आणि तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक कैदेत जाणार होते. एवढे सारे झाले, पण एक गोष्ट कुणीच केली नव्हती. भारताने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले नव्हते आणि पोर्तुगालनेही भारताविरुद्ध पुकारले नव्हते. दिल्लीच्या दप्तरी या प्रकाराचे नाव 'ऑपरेशन विजय' एवढेच होते.

मग हे कायदेशीर होते का? गोवामुक्तीच्या आठवणींत हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. काढला तर विचारणाऱ्याच्या देशप्रेमाची चौकशी सुरू होते. पण त्या वेळी हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये, लिस्बनमध्ये आणि पुढे दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातही विचारला गेला. गंमत अशी की भारतानेच त्याला ठिकठिकाणी वेगवेगळी उत्तरे दिली.

आधी घोषणेचे काय ते पाहू. फेब्रुवारी 1904 मध्ये जपानी आरमाराने पोर्ट आर्थर बंदरातल्या रशियन नौकांवर रात्रीच्या अंधारात टॉर्पेडो सोडले आणि युद्ध जाहीर केले ते त्यानंतर. त्यावर जगभर ओरड झाली. म्हणून 1907च्या हेग परिषदेत एक स्वतंत्र करारच झाला: कारणांसहित युद्धघोषणा किंवा निर्वाणीचा खलिता धाडल्याशिवाय लढाई सुरू करायची नाही. त्या काळी युद्ध करणे हा राज्यांचा मान्य हक्क होता. ते रीतीने करावे एवढेच मागणे होते. पुढे दोन महायुद्धे झाली आणि 1945च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने तो हक्कच काढून घेतला. दुसऱ्या राज्याविरुद्ध बळाचा वापर करू नये असे तिच्या दुसऱ्या कलमात आहे. अपवाद दोनच: सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षण, नाहीतर सुरक्षा परिषदेची परवानगी.

याचा परिणाम सनद लिहिणाऱ्यांना अपेक्षित नव्हता असा झाला. लढाया थांबल्या नाहीत, घोषणा थांबल्या. युद्ध जाहीर करणे म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाब देणे, असे झाल्यावर कोण जाहीर करील? जपानने तर सनदेच्या आधीच, 1937 मध्ये, चीनवरच्या आक्रमणाला 'घटना' म्हणून वाट काढली होती. 1950 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन कोरियात उतरले. युद्ध पुकारण्याचा अधिकार त्यांच्या राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे, पण काँग्रेसला न विचारता त्यांनी या मोहिमेला 'पोलीस कारवाई' म्हणणे मान्य केले. तो शब्द आपल्याला नवा नव्हता. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही 1948ची 'पोलीस ॲक्शन' असते. त्या कारवाईत पोलीस किती होते आणि रणगाडे किती, हे औरंगाबाद-नळदुर्गकडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

हैदराबादवरच्या त्या कारवाईचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे होते. तेच चौधुरी 1961 मध्ये लेफ्टनंट जनरल होऊन पुण्यात सदर्न कमांडचे प्रमुख होते आणि गोव्याची मोहीम त्यांच्याकडेच आली. न पुकारलेल्या दोन लढाया एकाच सेनापतीच्या वाट्याला आल्या.

भारताच्या राज्यघटनेत युद्ध कुणी पुकारायचे याचे स्वतंत्र कलमच नाही. केंद्राच्या विषयसूचीत 'युद्ध आणि शांतता' ही नोंद आहे आणि सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, म्हणजे निर्णय मंत्रिमंडळाचा. संसदेची आधी संमती घ्यावी अशी अट नाही. भारताच्या नावाने रीतसर घोषणा करून केलेले युद्ध म्हणाल तर ते 3 सप्टेंबर 1939चे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता ते जाहीर केले आणि त्या निषेधात मुंबईतल्या बाळासाहेब खेरांसह काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे पायउतार झाली. म्हणजे घोषणा रीतसर होती आणि न्याय कुठेच नव्हता. घोषणेला फार सोवळे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आता गोव्याकडे. स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षे हा प्रश्न का रखडला? 1950 मध्ये दिल्लीने लिस्बनकडे वाटाघाटी मागितल्या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने विषयच नाकारला. 1951 मध्ये पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असे नाव दिले. कागदापुरता गोवा लिस्बनच्या शेजारचा जिल्हा झाला आणि प्रांतावर कसली बोलणी करायची? 1953 मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली आणि 1955 मध्ये पोर्तुगालला दिल्लीतली बंद करायला लावली. त्याच वर्षी ना. ग. गोरे, सेनापती बापट, शिरुभाऊ लिमये, मधू लिमये अशी माणसे सत्याग्रह करत हद्दीत शिरली. मार खाल्ला, आग्वादच्या तुरुंगात लांबलचक शिक्षा भोगल्या. 15 ऑगस्ट 1955ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे गेली. महाराष्ट्र खवळला. नेहरू मात्र सैन्य पाठवणार नाही म्हणून अडून बसले आणि पुढे सत्याग्रहालाही त्यांनी आवर घातला. शांततेचा वकील म्हणून जगभर हिंडणाऱ्या पंतप्रधानाला आपल्याच वचनांची बेडी पडली होती. आर्थिक नाकेबंदी लावली, तर सालाझारने पाकिस्तान, पोर्तुगाल, युरोप असा माल आणून आणि खनिजाची निर्यात वाढवून ती निभावून नेली.

सैन्य न पाठवता एक तुकडा मात्र आधीच सुटला होता, दादरा आणि नगर हवेली. 22 जुलै 1954ला दादरा आणि 2 ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांनी घेतले. त्यात आझाद गोमंतक दलाचे लोक होते, संघाचे होते, आणि संगीतकार सुधीर फडकेही होते. भारत सरकारने एकही शिपाई पाठवला नाही. फक्त दमणहून फौज नेण्यासाठी पोर्तुगालने वाट मागितली ती दिली नाही. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. घाई एवढी की 14 डिसेंबर 1955ला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले आणि 22 डिसेंबरला दावा दाखल झाला. पुराव्यात काय, तर पेशव्यांशी झालेला 1779चा पुण्याचा तह आणि मराठ्यांच्या 1783 आणि 1785च्या सनदा! हेगच्या न्यायाधीशांना मराठी दरबारची कागदपत्रे वाचावी लागली. त्यांचा निष्कर्ष असा की मराठ्यांनी त्या गावांचा महसूल तोडून दिला होता, राज्य दिले नव्हते. पोर्तुगालचे सार्वभौमत्व तिथे मान्य झाले ते पुढे इंग्रजांच्या काळात. पेशवाईतल्या कारकुनांनी काय दिले आणि काय राखले, याचा हिशेब पावणेदोनशे वर्षांनी हॉलंडात झाला. 12 एप्रिल 1960चा निकाल दोन्ही पक्षांना जिंकल्यासारखे वाटावे असाच होता. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मागण्याचा हक्क पोर्तुगालला होता. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि भारताने काही चूक केली नव्हती. त्या मुलखाचा कारभार एवढी वर्षे तिथली वरिष्ठ पंचायत पाहत होती. ऑगस्ट 1961 मध्ये भारतात विलीन व्हायचे ठरले, तेव्हा करारावर सही करायला कुणी राज्यप्रमुख हवा म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरते 'पंतप्रधान' केले गेले. कायद्याच्या चौकटीत बसण्यासाठी भारताने किती खटपट केली, ते यावरून दिसते. चार महिन्यांनी गोव्याच्या बाबतीत ही खटपट सोडून द्यावी लागली.

मधल्या काळात जगाचा नूर बदलला होता. डिसेंबर 1960 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दोन ठराव केले. एकाने वसाहतवाद ताबडतोब संपवा असे म्हटले. दुसऱ्याने पोर्तुगालच्या 'प्रांतां'ची नावे घेऊन ते परतंत्र मुलूखच आहेत असे ठरवले आणि त्या यादीत गोवा होता. 1961च्या आरंभी अंगोलात बंड पेटले. आफ्रिकेतले नवे नेते दिल्लीत येऊन नेहरूंना विचारू लागले, की तुम्ही दाराशीच्या पोर्तुगीजांना हात लावत नाही तर आम्ही काय करावे? देशात फेब्रुवारी 1962च्या निवडणुका तोंडावर होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. गोव्याची कारवाई हा निवडणुकीचा डाव होता असे तेव्हा अनेकांनी म्हटले. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, पण नुसत्या त्या जोरावर नेहरू हलले असते असेही वाटत नाही.

निमित्त नोव्हेंबरमध्ये मिळाले. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर पोर्तुगीज शिबंदी होती. तिथून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि बोटीवरचा इंजिनिअर जखमी झाला. काही दिवसांनी त्याच पाण्यात एका मच्छीमाराचा गोळी लागून मृत्यू झाला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बेळगावच्या बाजूला आगगाड्या भरभरून फौज आली. हे काही गुपचूप चालले नव्हते. परदेशी वार्ताहर पणजीत येऊन बसले होते आणि अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ नेहरूंना थोपवण्यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत धडपडत होते. मोहिमेची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली.

घोषणेच्या प्रश्नात एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. 1955 पासून सरहद्दीवरच्या रानातून एक गुप्त आकाशवाणी चालायची. तिचे नाव 'व्हॉइस ऑफ फ्रीडम', कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ती वर्षानुवर्षे चालवत होते. कारवाईच्या तोंडावर याच आकाशवाणीवरून कृष्ण मेनन यांचा संदेश गव्हर्नर जनरलना उद्देशून वाचला गेला: शरण या. वकिलाती बंद, बोलणी बंद, तेव्हा सरकारी इशारा गेला तो भूमिगत रेडिओवरून. हेगच्या 1907च्या करारातला निर्वाणीचा खलिता तो हाच, असे एखाद्या वकिलाने म्हटले असते तर त्याला खोडून काढणे अवघड होते. पण भारताच्या वकिलांनी तो मुद्दा काढलाच नाही. कारण खलिता मान्य केला की युद्ध मान्य करावे लागते.

17 आणि 18 डिसेंबरच्या मधल्या रात्री फौजा हलल्या. सकाळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावायचा नाही अशी ताकीद होती. बेळगावच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे रेडिओ केंद्र मुके केले. उत्तरेकडून दोडामार्गच्या वाटेने ब्रिगेडियर सगत सिंग यांची पॅराशूट ब्रिगेड शिरली आणि पूर्वेकडून मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन घाट उतरली. मुख्य घाव पूर्वेचा घालायचे ठरले होते, पण पॅरावाले इतक्या वेगाने निघाले की 19च्या सकाळी मांडवी ओलांडून पणजीत तेच शिरले. तिकडे दमणवर पहिली मराठा लाइट इन्फंट्री चालून गेली. मुरगावच्या बंदरात 'आफोंसो द आल्बुकेर्क' ही पोर्तुगीज नौका 'बेतवा' आणि 'बियास' या भारतीय नौकांशी एकटी लढली आणि शेवटी जखमी कप्तानासह बांबोळीच्या किनाऱ्याला लागली. अंजदीववर उतरलेल्या भारतीय नौसैनिकांपैकी सात जण मारले गेले. भारताचे एकूण 22 गेले, पोर्तुगालचे तीसच्या आसपास. 18च्या रात्री दाबोळीच्या फुटक्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने मोठ्या हिकमतीने उडून कराचीला निसटली.

सालाझारची आज्ञा मात्र भयंकर होती. 14 डिसेंबरला त्याने गव्हर्नरला कळवले होते, की तह नको, कैदी नकोत. सैनिक एक तर विजयी व्हावेत नाहीतर मरावेत. आठवडाभर झुंज दिली की तेवढ्यात जगाला मध्ये घालता येईल, असा त्याचा हिशेब होता. त्याला लढाई जिंकायची नव्हती, हुतात्मे हवे होते. साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक हाताशी असलेल्या आणि विमानविरोधी तोफांची वानवा असलेल्या वासालो इ सिल्वा यांनी ती आज्ञा मोडली. पणजी पेटवली नाही, माणसे मारू दिली नाहीत. गोवा त्यांचे एवढे देणे लागतो.

आता न्यूयॉर्क. 18 डिसेंबरला पोर्तुगालच्या मागणीवरून सुरक्षा परिषद बसली. भारताच्या बाजूने सी. एस. झा बोलले. त्यांनी स्वसंरक्षणाचा मुद्दा लावून धरला नाही; अंजदीवच्या गोळीबारावर अख्खी मोहीम तोलून धरता येणार नाही हे त्यांना कळत असणार. त्यांनी वेगळीच बाजू मांडली. 1510 साली पोर्तुगीजांनी केलेले आक्रमण कधी संपलेच नाही, ते अजून चालू आहे. गोवा भारताचाच भाग आहे, मग आपल्याच घरात शिरणे हे आक्रमण कसे? आणि आंतरराष्ट्रीय कायद्याची पुस्तके लिहिणारे युरोपीय पंडित तर वसाहतवादाच्या हवेतच वाढलेले होते! सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, वसाहतवाद घालवणे ही आमच्या श्रद्धेची बाब आहे, इथपर्यंत ते गेले.

अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडले स्टीव्हन्सन यांनी उत्तर दिले ते कळवळून. उदारमतवादी माणूस, नेहरूंचा चाहता. ते म्हणाले की लीग ऑफ नेशन्स असाच मेला. आज सोयीचे म्हणून बळ चालवू दिले तर या संस्थेचाही शेवट सुरू झाला समजा. युद्धबंदी करा आणि फौजा मागे घ्या असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला. सात मते बाजूने, चार विरुद्ध: सोव्हिएत रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. पोर्तुगालला दोषी धरणारा उलटा ठरावही सात विरुद्ध चार असाच पडला. म्हणजे सुरक्षा परिषदेने भारताला ना दोषी ठरवले ना निर्दोष. प्रकरण आमसभेत नेता आले असते. कुणी मनावर घेतले नाही, कारण तिथली नवस्वतंत्र देशांची गर्दी पाहता मते मिळणार नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी भारताचे राजदूत बी. के. नेहरू यांना ऐकवलेला टोमणा प्रसिद्ध आहे: रोज नीतीचे पाठ देणारा धर्मोपदेशक नको त्या घरातून बाहेर पडताना दिसला की लोकांना मजा वाटतेच.

झांचे म्हणणे न्यायाच्या बाजूचे होते आणि कायद्याच्या दृष्टीने लंगडे होते. साडेचारशे वर्षे ताबा असलेला, हेगच्या न्यायालयात ज्याच्या हद्दी गृहीत धरून आपणच खटला लढवला तो मुलूख 'परका नव्हता' हे सनदेच्या अक्षराशी जुळत नाही. अमेरिकन विधिपंडित क्विन्सी राइट यांनी 1962 मध्ये नेमके हेच दाखवून दिले. पण सनदेचा दुसरा अर्धा भाग, लोकांचा स्वयंनिर्णय, पाळायला सालाझार चौदा वर्षे तयार नव्हता आणि त्याला भाग पाडण्याची कुणाची इच्छा नव्हती. तो नाटोतला मित्र होता. एक कलम कडक आणि शेजारचे कलम शोभेचे, अशी स्थिती असताना ते कडक कलम मोडले गेले. मी भारताला दोष देणार नाही. पण मोडले नाही असेही म्हणणार नाही.

युद्ध नव्हते म्हटले तरी युद्धाचे सारे सोपस्कार मात्र आपोआप येऊन उभे राहिले. तीन हजार तीनशेच्या आसपास पोर्तुगीज सैनिक गोव्यातल्या छावण्यांत मे 1962 पर्यंत अडकले, कारण सालाझारला या जिवंत राहिलेल्यांची लाज वाटत होती आणि त्यांना न्यायला तो चालढकल करत होता. त्यांना युद्धकैद्यांचा दर्जा मिळाला, कारण 1949च्या जिनिव्हा करारांचे दुसरे कलम मोठे शहाणे आहे: युद्ध जाहीर झालेले असो वा नसो, एका पक्षाला ते मान्य असो वा नसो, सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू. ते करार अमलात आणणारा कायदा भारताने 1960 मध्येच केला होता. तिकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगालने तिथल्या भारतीयांना पकडून छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि त्यांना हाकलले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे दुकाने थाटलेल्या गुजराती कुटुंबांना शत्रू देशाची प्रजा ठरवायला पोर्तुगालला घोषणेची गरज पडली नाही. गोव्याची त्यांनी मोजलेली ही किंमत आपल्या स्मारकांवर कुठे दिसत नाही.

भारतात आणीबाणीही जाहीर झाली नव्हती. ती पहिल्यांदा आली ऑक्टोबर 1962 मध्ये, चीनने न पुकारलेल्या युद्धात. गोव्यात 20 डिसेंबर 1961 पासून लष्करी गव्हर्नर म्हणून कँडेथ कारभार पाहू लागले. मार्च 1962 मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि गोवा, दमण, दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला, 20 डिसेंबरपासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. त्याच महिन्याच्या अखेरच्या नागरिकत्व आदेशाने तिथले रहिवासी भारतीय झाले. पोर्तुगीजच राहायचे असेल तर महिन्याभरात तसे लिहून द्यायचे होते.

आणि मग खटले आले. दमणच्या एका व्यापाऱ्याकडे पोर्तुगीज सरकारने 1961च्या शेवटच्या महिन्यांत दिलेले आयात परवाने होते. भारत सरकारने ते मानले नाहीत. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. न्यायालय म्हणाले, हा मुलूख जिंकून घेतलेला आहे. जुन्या राजवटीने दिलेले हक्क नव्या सार्वभौम सत्तेने मान्य केले तरच टिकतात. न्यूयॉर्कमध्ये जे 'आपल्याच घरात शिरणे' होते, ते दिल्लीत चार-पाच वर्षांनी 'जिंकून घेणे' झाले. सरकारी वकिलांना ही विसंगती दिसली नसेल असे नाही. पण मुक्ती म्हटले तर जुने परवाने आणि खाणपट्टे मानावे लागण्याचा धोका होता. विजय म्हटले की पाटी कोरी. पुढे 1981 मध्ये खाणींच्या सवलतींच्या खटल्यातही हाच तर्क चालला.

यातला सर्वांत बोलका खटला वकील मंडळी 'मोंतेरो खटला' म्हणून ओळखतात. गोव्यातल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखल्याचे लिहून दिले होते. त्यांचा राहण्याचा परवाना नोव्हेंबर 1964 मध्ये संपला आणि त्यांनी मुदत वाढवून मागितली नाही. परकीय नागरिक कायद्याखाली त्यांना तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. त्यांचे म्हणणे असे: गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, चौथ्या जिनिव्हा कराराप्रमाणे तिथल्या रहिवाशाला घालवता येत नाही आणि सनदेच्या काळात बळाने मुलूख जोडता येत नाही. पन्नास रुपयांच्या दंडातून अख्ख्या 1961चा सातबारा तपासायची वेळ आली. मार्च 1969 मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. चकमक काही तासांची होती, नंतर प्रतिकार उरलाच नाही. म्हणून हा युद्धकाळातला तात्पुरता ताबा नव्हता, तर जिंकून केलेले खरेखुरे विलीनीकरण होते. ताबा संपला तसे त्या कराराचे संरक्षणही संपले. हिदायतुल्लांचे काम एका गोष्टीने सोपे झाले: विलीनीकरण कायदेशीर होते हे धर्मगुरूंच्या वकिलानेच मान्य करून टाकले होते. सनदेच्या दुसऱ्या कलमाला भिडण्याची वेळ न्यायालयावर आलीच नाही.

लिस्बनने मात्र काही मान्य केले नाही. वासालो इ सिल्वा परतले तेव्हा त्यांची मानहानी झाली आणि 1963 मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकले गेले. राज्य गेले तरी पोर्तुगालच्या कायद्यात गोवा तेरा वर्षे पोर्तुगीजच राहिला. एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमध्ये सैनिकांनी क्रांती केली आणि ती राजवट कोसळली. त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांच्यासमोर भारताकडून सही करायला होते यशवंतराव चव्हाण. गोवा सुटला तेव्हा ते शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांच्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने या करारात मान्य केले, आणि तेही 1974 पासून नव्हे, तर भारतीय राज्यघटनेनुसार ते प्रदेश ज्या ज्या तारखांना भारताचे झाले त्या तारखांपासून. पोर्तुगालच्याच सहीने 20 डिसेंबर 1961 ही तारीख मागाहून शुद्ध करून घेतली गेली.

सालाझारची राजवट कोसळल्यावर सेनादलातला जुना हुद्दा परत मिळालेले वासालो इ सिल्वा 1980 मध्ये गोव्याला भेट द्यायला आले आणि लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. नागरिकत्वाची गुंतागुंत मात्र सुटली नाही. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा दावा लिस्बन अजून मानते. म्हणून सासष्टी-बार्देशातली हजारो माणसे आजोबांचा जन्मदाखला शोधून त्याची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करून घेतात आणि युरोपात नोकरीला जातात. नुसती जन्माची नोंद केली म्हणजे भारतीय नागरिकत्व गेले का, यावर पणजीत अर्ज, सुनावण्या आणि याचिका अजून चालू आहेत.